स्लॅब सुकेपर्यंत

"काँक्रीट खोटं बोलत नाही. खोटं माणसं बोलतात."

हे वाक्य आमचे साहेब उजव्या हाताची तर्जनी आभाळाकडे करून म्हणत, आणि म्हणून झाल्यावर ती तर्जनी थोडा वेळ तशीच वर ठेवत. ऐकणाऱ्याला वाक्य मनात उतरवून घ्यायला सवड मिळावी, हा हेतू. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मीही गंभीर झालो होतो. पुढे त्यांच्याबरोबर गावोगाव हिंडल्यावर कळलं, की काँक्रीट उत्तम खोटं बोलतं. ओलं असताना तर विशेषच.

ही एकोणीसशे सत्तरच्या दशकातली गोष्ट. मोठा दुष्काळ सरून काही वर्षं झाली होती. जालना तेव्हा जिल्हा नव्हता, पण तसं जालन्यातल्या कुणाला सांगण्यात अर्थ नव्हता. तिथे आमचं बांधकाम तपासणीचं छोटं ऑफिस होतं. चार टेबलं, एक पंखा आणि सिमेंटचे ठोकळे दाबून फोडायचं एक यंत्र. मी ओव्हरसियर होतो आणि ठोकळे फोडत असे. फोडण्यात हुशारी लागत नाही, त्यामुळे वाचायला भरपूर वेळ मिळे.

अशात विलायतेहून एक नवीन यंत्र आलं आणि त्याच्यापाठोपाठ हे साहेब आले. निजामाच्या राज्यात हैदराबादला उर्दूतून इंजिनिअरिंग शिकलेले. उंच, किडकिडीत, कोरलेली दाढी, आणि वैशाखातसुद्धा गळ्यात टाय. घरी उर्दू. मराठी ते नोकरीत शिकले, अर्धी सरकारी पत्रांतून आणि अर्धी मजुरांच्या भांडणांतून. त्यामुळे त्यांची मराठी एका टोकाला अत्यंत अदबशीर आणि दुसऱ्या टोकाला अत्यंत जिवंत होती. मधलं काही त्यांना येत नसे.

यंत्र म्हणजे रेडिओएवढी एक पेटी आणि वायरीने जोडलेल्या दोन गोल डब्या. एक डबी काँक्रीटवर इथे टेकवायची, दुसरी तिथे. पहिलीतून एक ध्वनिलहर निघते. ती इतक्या वरच्या पट्टीतली असते की माणसाच्या कानाला ऐकूच येत नाही. ती काँक्रीटमधून दुसऱ्या डबीपर्यंत जाते, आणि पोचायला किती वेळ लागला ते पेटीच्या खिडकीत लाल आकड्यांत दिसतं. माल सलग असेल तर लहर सरळ आणि लवकर पोचते. मध्ये भेग असेल तर तिला वळसा घालावा लागतो, उशीर होतो, आकडा वाढतो. आकडा लहान तर माल चांगला. सगळं शास्त्र एवढंच. साहेब मात्र ते एखादा खटला चालवावा तसं चालवीत.

डबी टेकवली की ते डावा हात वर करत. "खामोश! यंत्र ऐकतंय."

मग गवंडी विडी विझवीत, सरपंच खोकला दाबीत, बैलाच्या गळ्यातली घंटा कुणीतरी मुठीत धरी. एकदा मी यंत्राबरोबर आलेलं पुस्तक वाचून काढलं. त्यात लिहिलं होतं की आजूबाजूच्या आवाजाने या मापनात काही फरक पडत नाही. शेजारी ढोल वाजला तरी चालेल. मी हे साहेबांना नम्रपणे सांगितलं.

"माहीत आहे," ते म्हणाले. "खामोशी यंत्राला नको, मला पाहिजे. अंतराला वेळेने भागायचं असतं. सरपंच बोलायला लागला की माझा भागाकार चुकतो."

डबी आणि काँक्रीट यांच्यात हवा राहू नये म्हणून मध्ये ग्रीस लावावं लागतं. इतर लोक ते डालड्याच्या डब्यात ठेवतात. साहेबांनी ते ठेवलं होतं जर्मन सिल्व्हरच्या नक्षीदार पानदानात. का, विचारल्यावर म्हणाले, "इंग्लंडचा पाहुणा आहे. डालड्यातून वाढू काय?" वडीगोद्रीला एका पुलावर काम चाललं असताना साहेबांनी ते पानदान उघडलं, तेव्हा शेजारच्या वयोवृद्ध पाटलांनी अंगवळणी पडल्याप्रमाणे चुना म्हणून बोट घातलं आणि तोंडात नेलं. साहेबांनी त्यांना पाणी दिलं, पाठ थोपटली आणि विचारलं, "कसं आहे? मी अजून चाखलं नाही."

त्याच पुलावर एक म्हातारबाबा सदऱ्याची बटणं सोडून पुढे येऊन उभे राहिले. "डाक्टरसाहेब, माझ्या बी छातीला लावा की वो. खोकला जाईना."

मला वाटलं साहेब हसतील किंवा चिडतील. त्यांनी डबी हातात घेतली, बाबांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मान हलवली. "नाही चालणार, आजोबा. हे फक्त कडक मालाला चालतं. तुम्ही अजून नरम आहात."

बाबा इतके खूश झाले की खोकला विसरून ते गावात सांगत सुटले.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. कामापेक्षा कामाचा थाट मोठा. मी त्यांना त्याच खणात टाकलं होतं आणि खण बंद केला होता. तो उघडावा लागला जाफराबादकडच्या एका गावात.

त्या गावाला हायस्कूल होतं, इमारत नव्हती. शाळा कापूस खरेदीच्या पत्र्याच्या शेडमध्ये भरे. दसऱ्यानंतर कापूस यायला लागला की शाळा बाहेर, कडुलिंबाखाली. आणि शाळा लिंबाखाली गेली की मोठ्या मुली घरी. उघड्यावर, बाजाराच्या गाड्यांसमोर वयात आलेल्या पोरी बसवायच्या नाहीत, असं त्यांच्या आयांनी सरळ सांगितलेलं. दरवर्षी असंच व्हायचं. एकदा घरी गेलेली मुलगी परत यायची नाही.

हेडमास्तर चाळिशीचे होते. त्यांच्या वडिलांनी छप्पन साली धम्म स्वीकारला आणि त्याच वर्षी शेतातली जोडी विकून या मुलाला औरंगाबादेला कॉलेजात धाडलं. तो शिकून परत गावातच आला, हे गावाला अजून पूर्ण समजलं नव्हतं. शाळेची इमारत त्यांनी अक्षरशः ऑफिसांच्या पायऱ्या झिजवून मंजूर करून घेतली होती. त्या वर्षी ते घरोघर हिंडून आठवीसाठी नऊ मुली घेऊन आले होते. आयांना त्यांनी एकच शब्द दिला होता: कापूस यायच्या आत चार भिंती अन् वर छत.

छत झालं होतं. मागे दोन लहान खोल्या, त्यांचा स्लॅब वेगळा. पुढे मोठा हॉल, त्याचा वेगळा. हॉलचा स्लॅब ओतताना मात्र मध्येच जाफराबादचा बाजार आला. बाजाराच्या दिवशी दुपारी पगार घेऊन मजूर निघून जातात, हे इकडे सूर्य मावळण्याइतकं नक्की असतं. कंत्राटदाराने त्याची दखल घेतली नव्हती. अर्धा स्लॅब बाजाराआधीचा आणि अर्धा बाजारानंतरचा झाला. टेकू काढल्यावर बरोबर मधोमध एक बारीक रेघ दिसायला लागली. कंत्राटदार म्हणाला, वरवरची आहे. वरच्या साहेबांनी म्हटलं, यंत्र लावा. शुक्रवारी मंत्री उद्घाटनाला येणार होते. आम्ही मंगळवारी पोचलो.

गावाने यंत्राचं स्वागत मंत्र्यांच्या रंगीत तालमीसारखं केलं. कमानीला आंब्याची पानं होती. साहेबांनी पेटी खाली ठेवताच शाळेत पाणी भरणाऱ्या मावशींनी तिला हळदकुंकू वाहिलं. सरपंचांनी घाबरून साहेबांकडे पाहिलं.

"लावा, लावा," साहेब म्हणाले. "त्याला बिलकुल चालतं. त्याला धरम नाही."

वर गेलो. स्लॅब इतका लख्ख की पाय ठेवायला संकोच वाटावा. चारी कोपऱ्यांत रांगोळी. साहेबांनी हात वर केला, गाव गप्प झालं. रेघेच्या अलीकडे एक डबी, पलीकडे दुसरी. मी आकडे वाचत होतो. लहान. पुढे सरकलो, लहान. रेघेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकही आकडा कुरकुरला नाही.

साहेबांनी तर्जनी वर केली, काँक्रीटविषयीचं वाक्य म्हटलं आणि अख्ख्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं, "पास!"

खाली हलगी वाजली. सरपंचांनी झेंडूचा हार साहेबांच्या टायवरून गळ्यात घातला. हेडमास्तर कठड्याला टेकले आणि चष्मा पुसत राहिले.

साहेब ओणवे होऊन डब्यांखालचं ग्रीस पुसत होते. ते काम ते दुसऱ्याला देत नसत. पुसता पुसता थांबले. रुमाल नाकाशी नेला, मग गालाला लावला. मग मला हळूच विचारलं, "जिथं रेघ आहे तिथला आकडा, आणि जिथं नाही तिथला?"

"सारखेच आहेत, साहेब."

"सारखे कसे?" ते स्वतःशीच म्हणाले. "रेघ तर मला दिसतेय." त्यांनी सरळ होऊन विचारलं, "हे कुणी धुतलं?"

मावशी पुढे आल्या. श्रेय दुसऱ्या कुणी घेऊ नये म्हणून जरा घाईनेच. "म्या धुतलं, साहेब. पहाटंपासून घागरी वाह्यल्या आम्ही साताठ बायांनी. तुमी येणार म्हणून. सडा टाकल्याबिगर पाव्हण्याला वर कसं चढवावं?"

साहेबांनी रुमालाची घडी केली. "मावशी," ते म्हणाले, "फार चांगलं धुतलं. इतकं चांगलं नको होतं."

आणि त्यांनी गळ्यातला हार काढला. हलगी थांबेपर्यंत वाट पाहिली आणि मघाच्याच आवाजात, त्याच कठड्यावरून सांगितलं, "मी चुकलो. माझा पास मी परत घेतो. स्लॅब सुकू द्या."

मोठ्याने बोललेलं लोक नंतर हळू आवाजात परत घेतात, कागदावर, कुणाच्या नजरेस येणार नाही असं. तेवढ्याच मोठ्याने परत घेणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. नंतरही नाही.

कारण त्यांनी सगळ्यांना समजावून सांगितलं. कोरड्या भेगेत हवा असते, तिथे लहर अडते. भेगेत पाणी भरलं की लहरीला पूल मिळतो, ती सरळ पार होते आणि आपल्याला वाटतं भेग नाहीच. सरपंचांना यातलं फक्त शुक्रवार समजत होता.

"साहेब, मंत्री येऊन राह्यले. ह्या उन्हात तर पापड बी घंट्यात वाळतो."

"पापड वरून वाळतो. भेग आतून वाळते."

"मंग किती येळ?"

"गुरुवार दुपार."

"गुरुवारी नापास झालं तर आमी शुक्रवारी काय करावं?"

"पुन्हा धुऊ नका," साहेब म्हणाले.

आम्ही तिथेच राहिलो. भक्तिभावाने कुणी पुन्हा पाणी घालू नये म्हणून साहेबांनी आपली खाट जिन्याच्या तोंडाशी टाकली. कंत्राटदार येऊन गेला, तालुक्याचा कुणी पुढारी येऊन गेला. दोघांनाही साहेबांनी उठून खुर्ची दिली, चहा पाजला, हवापाण्याची चौकशी केली आणि "सुकू द्या" एवढंच सांगितलं. हेडमास्तर मात्र आले नाहीत. शेडमधून त्यांचा शिकवण्याचा आवाज ऐकू येई. शेडच्या दाराशी कापसाच्या पहिल्या गाड्या येऊन उभ्या होत्या.

गुरुवारी दुपारी स्लॅब पांढरा खडखडीत झाला. साहेबांनी हेडमास्तरांना बोलावून घेतलं आणि दोन्ही डब्या त्यांच्याच हातात दिल्या. "मास्टरसाहब, तुम्ही धरा. आकडा तुम्हीच वाचा."

हेडमास्तरांनी रेघेच्या दोन बाजूंना डब्या दाबल्या. आकडा मोठा आला. फार मोठा. त्यांनी डब्या उचलून रेघ नसलेल्या जागी ठेवल्या. लहान आला. पुन्हा रेघेवर, पुन्हा मोठा. त्या दिवशी साहेबांना 'खामोश' म्हणावं लागलं नाही.

हेडमास्तर उठले, कोपऱ्यातला तांब्या आणला आणि रेघेवर धार धरली. पाणी रेघेत शिरत गेलं. थोडं थांबून त्यांनी पुन्हा डब्या टेकवल्या. आकडा उतरला होता.

"मंग रोज पाणी घालू, साहेब," ते म्हणाले. "रोज सकाळी घालू. तुमच्या यंत्राला एवढ्यानं समाधान होत असंल तर माझ्या पोरींचं वर्ष कशापायी घालवता?"

मावशी जिन्यात उभ्या होत्या. त्यांची नात त्या नऊ मुलींत होती. त्या म्हणाल्या, "मास्तर, यंत्राचं समाधान होईल वो. खाली पोरी बसल्या तर स्लॅबचं बी व्हाया पाहिजे ना."

हेडमास्तरांनी तांब्या खाली ठेवला आणि तिथेच उकिडवे बसले. "शब्द देऊन आणल्यात मी त्या," ते म्हणाले. "चार भिंती अन् वर छत. आता कोणत्या तोंडानं जाऊ घरोघर?"

"छत हॉललाच आहे काय?" साहेबांनी विचारलं. "मागच्या दोन खोल्या कधी ओतल्या?"

"त्या बाजाराच्या आधी. एका दिवसात."

साहेबांनी टाय घट्ट केला. मी पेटी उचलली.

ती दुपार माझ्या अजून लक्षात आहे. मागच्या स्लॅबवर ऊन भाजत होतं. साहेब गुडघ्यावर रांगत वितीवितीवर डब्या टेकवत होते आणि आकडा हेडमास्तर वाचत होते. सुरुवातीला त्यांचा आवाज रागीट होता. मग सपाट झाला. मग एक एक आकडा लहान येत गेला तसा वर्गात पाढे म्हणवून घेतात तसा खणखणीत झाला. खालून मावशी विचारत, "आता काय म्हनली मशीन?" आणि सरपंच, ज्यांना आकडा कशाचा हे शेवटपर्यंत समजलं नाही, सांगत, "बराबर म्हनली!"

शेवटची जागा झाल्यावर साहेबांनी तळहाताने स्लॅब चाचपला. मग रुमालाने. मग रुमाल मला दिला. "ओला आहे काय?"

"कोरडा आहे."

त्यांनी तिथेच गुडघ्यावर कागद ठेवून सही केली. दोन खोल्या पास, हॉल बंद. "उद्यापासून भरवा," ते हेडमास्तरांना म्हणाले.

"उद्या तर मंत्री हायेत," सरपंच म्हणाले.

"त्यांनाही घ्या आत. जागा आहे."

मंत्री आले नाहीत. दोन खोल्यांसाठी एवढ्या लांब कसं यावं, असं त्यांच्या माणसांचं म्हणणं पडलं. शुक्रवारी सकाळी शेडमध्ये कापूस गेला आणि नऊ मुली एका खोलीत जमिनीवर येऊन बसल्या. आम्ही निघताना हेडमास्तर गणित शिकवत होते. त्यांनी खडू खाली ठेवला, बाहेर आले, साहेबांना "जयभीम" म्हणाले. साहेबांनी हात कपाळाशी नेऊन "जयभीम, मास्टरसाहब" म्हटलं आणि गाडीत बसले. भोकरदनला चहाला उतरल्यावर म्हणाले, "पोरींना बाकं नाहीत, पाहिलंत?"

पास झालेला स्लॅब नापास कसा झाला, याचा खुलासा वरून मागवण्यात आला. साहेबांनी तो एका ओळीत दिला: स्लॅब सुकला.

हॉलचा स्लॅब पुढच्या उन्हाळ्यात फोडला आणि नवा ओतला. त्या दिवशी साहेब टाय लावून पहाटेपासून खुर्ची टाकून बसले होते. मजूर बाजाराला जाऊ नयेत म्हणून त्यांनी कंत्राटदाराला बाजारच तिथे आणायला लावला होता. भाजीवाली, भजी तळणारा आणि बांगड्यांवाला एक कासार शाळेच्या आवारात दिवसभर बसून होते. महिन्यानंतर तपासणी झाली. मावशींनी जिन्यातूनच ओरडून सांगितलं, "धुतलं न्हाई वो साहेब! झाडू बी मारला न्हाई!" धुळीत बसून आम्ही आकडे घेतले. सगळे लहान. साहेब "पास" म्हणाले, पण अगदी हळू. मला ऐकू आलं, कारण मी शेजारी होतो.

दोनेक वर्षांत ते निवृत्त झाले आणि मुलीकडे हैदराबादला गेले. यंत्र माझ्याकडे आलं. मी ते विनाखामोशी चालवायचा प्रयत्न केला आणि माझेही भागाकार चुकायला लागले. मग मीही हात वर करायला शिकलो. टाय तेवढा घातला नाही.

बऱ्याच वर्षांनी ते वारल्याची बातमी हेडमास्तरांनीच मला कळवली. त्यांना ती कुठून कळली, विचारलं नाही. शाळेत शोकसभा होती. हॉल भरला होता. त्या नऊ मुलींपैकी एक, मावशींची नात, आता तिथेच शिक्षिका होती. तिने बोलायला सुरुवात केली, दोन वाक्यं झाली आणि ती वर छताकडे पाहत थांबली. मुलांनीही वर पाहिलं. सगळा हॉल काही वेळ वर पाहत गप्प बसला. एवढी शांतता साहेबांना त्यांच्या हयातीत कुठल्या गावाने दिली नव्हती.

परतताना मी हात धुवायला आवारातल्या नळापाशी गेलो. मुलं एका गुळगुळीत संगमरवरी फरशीवर जेवणाचे डबे घासत होती. एवढा चांगला दगड इथे कसा, मी हेडमास्तरांना विचारलं.

"ती व्हय? कोनशिला आहे," ते म्हणाले. "अक्षरं खालच्या अंगाला आहेत. मंत्री आले न्हाईत, पुढच्या वर्षी ते मंत्री राह्यले न्हाईत, मंग नव्यांना सवड झाली न्हाई."

तालुक्याच्या दप्तरी ती इमारत अजून उद्घाटनाच्या प्रतीक्षेत आहे.